पात्याखाली पुडी ठेवणाऱ्या मिस्त्रींस

श्री. मिस्त्री यांस,



तुमचं नाव या पत्रात मुद्दामच घातलेलं नाही. नाव घातलं तर सगळं श्रेय एकट्या तुमच्या पदरात पडेल, आणि नांदेडपासून लातूरपर्यंत तुमच्या घराण्याचे जे इतर कलावंत आहेत त्यांना डावलल्यासारखं होईल. तेव्हा रंधा मशीनच्या पात्याखाली ज्यांनी ज्यांनी आजवर काही ना काही घडी करून सरकवलंय, त्या सगळ्यांच्या वतीने हे पत्र तुम्ही स्वीकारावं ही विनंती.

नांदेडला तुमच्याकडून विकत घेतलेलं जुनं बारा इंची रंधा मशीन लातूरला पोचलं. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर असा सगळा रस्ता टेम्पोत हिंदकळत येऊनही त्याचा एक बोल्ट जागचा हलला नाही, याचं आधी फार कौतुक वाटलं. मग कळलं की जो बोल्ट हलायला हवा तोही हलत नाही. टेबलापासून पुलीपर्यंत सगळीकडे हिरवा ऑइलपेंट. बोल्टांच्या डोक्यांत ॲलन की शिरते त्या खाचासुद्धा रंगाने भरलेल्या. रंग इतका ताजा की टेबलावर बोट टेकलं तर ठसा उमटावा. लोखंडाला गंजापासून वाचवण्याची तुमची ही तळमळ मी समजू शकतो. पण ज्या टेबलावरून लाकूड सरकायचं त्यावर ऑइलपेंट देणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. बाकीचे सुतार तिथे मेणबत्ती घासतात. बिचारे अडाणी.

पत्र खुलं आहे, तेव्हा ज्यांचा लाकडाशी संबंध फक्त त्यावर बसण्यापुरता येतो त्यांच्यासाठी थोडा खुलासा. रंधा मशीनला दोन टेबलं असतात. अलीकडच्या टेबलावरून लाकूड घालायचं, पलीकडच्या टेबलावर ते निघतं. मधल्या फटीत पोलादाचा एक रूळ फिरतो, त्याला कटर ब्लॉक म्हणतात. या रुळाच्या अंगात खाचा असतात आणि प्रत्येक खाचेत एक लांब पातं दाबपट्टीने आवळून बसवलेलं असतं. आपल्या मशीनला अशी तीन पाती. अलीकडचं टेबल पात्यांच्या टोकापेक्षा जितकं खाली, तितकं लाकूड सोललं जातं. पलीकडचं टेबल मात्र पात्यांच्या टोकाशी तंतोतंत बरोबर हवं, कारण सोललेलं लाकूड पुढे त्याच्याच आधाराने सरकतं. सगळी गंमत या ‘तंतोतंत’मध्ये आहे, आणि मिस्त्री, तुमची खरी प्रतिभाही तिथेच फुलली आहे.

व्यवहाराच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, “बघूलालाव काय मालक, पाती कालच बसवलीत. चालवून घ्या.” आणि चालवून दाखवलंतही. त्यासाठी तुम्ही निवडलेलं लाकूड म्हणजे पॅकिंगच्या पेटीतली पाईनची पट्टी, रुंदी जेमतेम तीन इंच. ती तुम्ही बारा इंची पात्याच्या बरोबर मधोमध घातली. लोण्यासारखी सोलली गेली. पात्याची दोन्ही टोकं काय करताहेत हे त्या पट्टीला कळायचं कारणच नव्हतं, आणि तिच्याकडून कुणाला कळावं अशी तुमचीही इच्छा नव्हती. याच रस्त्यावरच्या माळेगावात खंडोबाच्या यात्रेत जनावरांचा बाजार भरतो. तिथे घोडं-गाढव विकणारा माणूस भावाला कितीही चिवट असो, गिऱ्हाइकाने जबडा उघडून दात बघायचे म्हटले की तो आडवा येत नाही. तुम्ही एक पाऊल पुढे गेलात. तुम्ही स्वतःच जबडा उघडून मधले दोन दात दाखवलेत.

आता मुख्य विषयाकडे येतो, म्हणजे पात्यांच्या खाली.

मेन स्विच पाडला, बेल्ट उतरवला, रॉकेलच्या फडक्याने बोल्टांच्या खाचांतला रंग काढला आणि पहिली दाबपट्टी सैल केली. रंगाखाली हळद-कुंकवाचा थर लागला. खंडेनवमीला मशीनची पूजा दरवर्षी मनोभावे होत होती, हे स्पष्ट आहे. कटर ब्लॉकच्या खाचेत झेंडूच्या पाकळ्या वाळून घट्ट बसल्या होत्या. बेअरिंगमध्ये ग्रीस मात्र नावाला नव्हतं. देवाने त्याच्या बाजूने सांभाळलं असणार, कारण तुमच्या बाजूने सांभाळल्याची कुठलीही खूण सापडली नाही.

पूजेच्या खाली पहिल्या पात्याच्या डाव्या टोकाला गुटख्याची पुडी. रिकामी, चार घड्या केलेली. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, त्यामुळे पुडी एकतर त्याआधीची असणार किंवा आपल्या गावी आपोआप उगवलेली असणार. उजव्या टोकाला वर्तमानपत्राची घडी, तीत सोयाबीनच्या भावाचा कोपरा अजून वाचता येत होता. दुसऱ्या पात्याखाली काडेपेटीतल्या काड्या, डोकी मोडून, शेजारी शेजारी नीट मांडलेल्या. तिसऱ्या पात्याखाली हॅक्सॉच्या मोडक्या पात्याचा तुकडा. एका यंत्राच्या पोटात व्यसन, बाजारभाव, स्वयंपाकघर आणि लोहारकी असा चौफेर व्यासंग मी आजवर पाहिला नव्हता.

थट्टा बाजूला ठेवून एक कबूल करतो. या मशीनला पातं वर-खाली करायचे वेगळे स्क्रू नाहीत, पात्याखाली स्प्रिंगही नाहीत. पातं बोटांनी सरकवायचं आणि दाबपट्टी आवळायची, एवढीच सोय. घासून घासून पात्याची रुंदी कमी झाली की ते खाचेत खाली बसतं, आणि त्याला वर उचलून धरायला काहीतरी आधार लागतो. म्हणून तुम्ही आधार शोधलात, तिथपर्यंत तुमची अडचण खरी. पण कागद दाबला की बसतो. त्यात तेल मुरलं की आणखी बसतो. काडी पिचते. आज टेबलाशी बरोबर असलेलं टोक महिनाभराने खाली गेलेलं असतं आणि दुसरं टोक जागेवर. म्हणजे पातं तिरकं. आधार द्यायचाच तर पोलादी शिम पट्टी मिळते, एका जाडीची, पात्याच्या पूर्ण लांबीची. आणि पातं तेवढं झिजलं असेल तर दुसरा उपायही आहे, त्याला नवीन पातं म्हणतात.

आता थोडं गणित. तुम्ही चहा घेता घेता वाचलंत तरी चालेल.

मोटर 1,440 फेऱ्यांची. पुल्यांच्या प्रमाणाने कटर ब्लॉक मिनिटाला सुमारे 5,000 फेरे घेतो. पात्याच्या टोकाचा घेर 90 मिलिमीटर व्यासाचा धरला तर टोकाचा वेग ताशी 85 किलोमीटर निघतो. 300 मिलिमीटर लांब, 30 रुंद आणि 3 जाड अशा पोलादी पात्याचं वजन साधारण 210 ग्रॅम. हे 210 ग्रॅम त्या वेगाने फिरताना बाहेर पडण्यासाठी जो जोर लावतात तो दीडशे किलोच्या पुढे जातो. एकेका पात्याचा. तो जोर पेलायचा दाबपट्टीने आणि तिच्या बोल्टांनी. म्हणून तिथे डोक्यावर 8.8 कोरलेले, ताण सोसणारे बोल्ट लागतात. तुम्ही लावलेल्या बोल्टांपैकी एकाच्या डोक्यावर काहीही कोरलेलं नव्हतं, आणि एकाचे आटे पाईप घालून आवळल्याने इतके झिजले होते की तो केवळ रंगाच्या चिकटपणावर उभा होता. हिरव्या ऑइलपेंटवर मी मघाशी जी टीका केली ती मागे घेतो. तुमच्या मशीनमध्ये तोच सर्वांत विश्वासू कामगार होता.

तिन्ही पाती धुऊन लातूरच्या गंजगोलाईजवळच्या ओळखीच्या सराफाकडे घेऊन गेलो. सोन्याच्या काट्यावर लोखंड ठेवल्याबद्दल त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग काट्याकडे पाहिलं, आणि मग त्यांनाही मजा वाटू लागली. सगळ्यांत जड आणि सगळ्यांत हलक्या पात्यात दहा ग्रॅमहून जास्त फरक. सोन्यात एवढा फरक निघाला तर गल्लीत भांडण होईल, असं ते म्हणाले. लोखंडात काय होतं ते असं: 5,000 फेऱ्यांना दहा ग्रॅमचा फरक कटर ब्लॉकला एका अंगाला आठ-दहा किलोचा हिसका देतो, सेकंदाला 83 वेळा. मशीन थरथरतं, बेअरिंग खडखडतं, आणि मालकाला वाटतं की जमीन सपाट नाही. तुम्ही मशीनच्या एका पायाखाली फरशीचा तुकडा का घातला होता, हे मला सराफाच्या दुकानात उमगलं.

हा फरक कसा पडला, हेही पात्यांवरच लिहिलेलं आहे. पाती तुम्ही बेंच ग्राइंडरवर हातात धरून लावलीत. एकाला मधोमध पोट, एकाला दोन्ही टोकांना उतार, आणि तिसऱ्यावर धारेच्या कडेने निळी झाक. साध्या कार्बन पोलादाचं पातं दगडावर निळं पडलं की त्याचं पाणी उतरलं. त्याला कितीही धार लावा, दोन फळ्या सोलल्या की ते बोथट. पाती लावायची असतील तर एकदम तिन्ही, एकाच मशीनवर, एकाच कोनात, सारखी घासून घ्यायची. नांदेडातही असं लावून देणारे आहेत. तुमच्या शेडपासून फार लांब नाहीत. वाटेत चहाची टपरीही आहे.

तुम्ही म्हणाल, पण लाकूड तर सोललं जात होतं ना? जात होतं. ते कसं, तेही सांगतो. 5,000 फेरे आणि तीन पाती म्हणजे मिनिटाला 15,000 वेळा पातं लाकडाला लागायला हवं. मिनिटाला सहा मीटरच्या वेगाने लाकूड ढकललं तर दर 0.4 मिलिमीटरला एक घाव पडतो. इतका बारीक की हात फिरवला तर गुळगुळीत लागतो. पण तीनपैकी एकच पातं वर आलेलं असेल आणि बाकीची दोघं नुसतीच फेऱ्या मारत असतील, तर घावांतलं अंतर तिप्पट होतं, 1.2 मिलिमीटर. मग लाकडावर लाटा उठतात, त्या पॉलिश केल्यावर आणखी उठून दिसतात, आणि गिऱ्हाईक विचारतं की ही डिझाईन जास्तीचे पैसे देऊन घेतली का. तुमच्या मशीनवर एक पातं राबत होतं, दोन पाती हजेरी लावत होती. सरकारी कचेऱ्यांची शिस्त तुम्ही लोखंडात उतरवली होती, हे मान्य करायला हवं.

पलीकडच्या टेबलाची गोष्ट तर याहून सरस. ते वर-खाली करायचा स्क्रू हरवला होता, म्हणून तुम्ही टेबलाला दोन ठिकाणी वेल्डिंगचे टाके मारून कायमचं बसवून टाकलंत. आता पाती टेबलाशी जुळवायची की टेबल पात्यांशी, हा वादच संपला. टेबल थोडं वर राहिलं तर फळी सोलून आल्याबरोबर त्याच्या कडेवर आपटते. टेबल खाली राहिलं तर फळी शेवटपर्यंत नीट येते आणि शेवटच्या दोन इंचांत, अलीकडच्या टेबलाचा आधार सुटल्याबरोबर, पात्यावर दबते आणि खड्डा पडतो. तुम्ही टाके मारलेत तेव्हा टेबलाचं एक टोक वर होतं आणि एक खाली, त्यामुळे दोन्ही दोष एकाच फळीत मिळायचे. ग्राइंडरने टाके कापून टेबल मोकळं करायला एक अख्खी दुपार गेली. उन्हाळ्यातली लातूरची दुपार. त्या दुपारी तुमची आठवण वरचेवर येत होती, आणि ती कोणत्या शब्दांत येत होती ते खुल्या पत्रात लिहिता येत नाही.

मग पाती बसवली. ती कशी बसवतात, हे आता तुम्हाला सांगणं म्हणजे उद्धटपणा. पण तुमच्या घराण्यात पुढे एखादं पोर असं निघालं की त्याला खरंच शिकायचंय, तर निदान त्याच्यासाठी.

डायल गेज असेल तर उत्तमच. नसेल तर सागवानाची एक सरळ पट्टी पुरते, फूटभर लांब, कडा नीट रंधलेली. ती पलीकडच्या टेबलावर ठेवायची, पुढचं टोक कटर ब्लॉकवर येईल अशी. टेबलाच्या कडेशी पट्टीवर पेन्सिलची एक खूण. कटर ब्लॉक हाताने, अगदी सावकाश फिरवायचा. पातं वर येतं, पट्टीच्या पोटाला लागतं, पट्टीला थोडं सोबत ओढतं आणि सोडतं. पट्टी किती सरकली ते खुणेवरून मोजायचं. 90 मिलिमीटरच्या घेराला पट्टी 3 मिलिमीटर सरकली तर पातं टेबलाच्या वर फक्त 0.025 मिलिमीटर आहे. म्हणजे केसाच्या निम्म्याहूनही कमी. पट्टी 6 मिलिमीटर सरकली तर उंची दुप्पट होत नाही, चौपट होते, 0.1 मिलिमीटर. मिस्त्री, सागवानाचा फुकटातला एक तुकडा केसाची निम्मी जाडी मोजून देतो. मला यंत्रांच्या जगात याहून देखणी गोष्ट फारशी माहीत नाही. इथे तुम्ही थोडं थांबलात, पट्टी हातात घेतलीत, तरी चालेल.

प्रत्येक पात्याच्या डाव्या टोकाला, मध्ये आणि उजव्या टोकाला पट्टी तेवढीच सरकली पाहिजे, आणि तिन्ही पात्यांना तेवढीच. आधी बोल्ट नुसते टेकवायचे, मग मोजायचं, मग मधल्या बोल्टापासून दोन्ही टोकांकडे एकाआड एक थोडं थोडं आवळत जायचं. एका बोल्टावर सगळा जोर काढला की दाबपट्टी पात्याला सोबत घेऊन सरकते आणि मघाचं मोजलेलं पाण्यात जातं. पूर्ण आवळल्यावर पुन्हा मोजायचं. तुम्ही बसवलेल्या पहिल्या पात्याला, काढण्याआधी, मी ही पट्टी लावून पाहिली होती. सोयाबीनच्या बाजूला पट्टी 12 मिलिमीटर ओढली गेली, म्हणजे पातं जवळजवळ 0.4 मिलिमीटर वर. गुटख्याच्या बाजूला ते पट्टीला शिवलंच नाही. सोयाबीनचा भाव एवढा चढलेला मी लातूरच्या बाजारातही क्वचित पाहिला आहे.

तुमच्या पात्यांच्या धारेवर खाचाही पडलेल्या होत्या. त्यांच्याबद्दल मात्र तुम्हाला पूर्ण दोष देत नाही. आपल्या भागात जुनं सागवान फार. औसा, उदगीर, निलंगा, किल्लारीकडच्या गावांत माळवदाची घरं होती. मातीचं जड छप्पर आणि ते पेलायला सागाचे खांब, तुळया. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीत भूकंप झाला आणि दगड-मातीच्या त्या घरांनी माणसं गाडली. त्यानंतर माळवदाखाली झोपायचं धाडस लोकांना होईना, आणि जिथे जिथे घरं उतरवली तिथलं लाकूड या ना त्या मार्गाने वखारीत आलं. ते लाकूड सोन्यासारखं आहे. किनवटच्या जंगलातलं आजचं कोवळं सागवान त्याच्यापुढे पोरकट वाटतं. पण त्याच्या पोटात खिळे आहेत, हाताने घडवलेले, चौकोनी, डोकं तुटून आत बुजलेले. वरून दिसत नाहीत. म्हणून असं लाकूड मशीनवर घालण्याआधी लोहचुंबक फिरवायचं असतं, पटाशीने कडा उकरून बघायच्या असतात. तुम्ही तसं केलं नाही आणि पात्यांना जागोजाग खाचा पाडून घेतल्या. प्रत्येक खाच फळीवर एक उभी रेघ सोडते. एक पातं डावीकडे मिलिमीटरभर सरकवलं असतंत तर एकाची खाच दुसऱ्याने झाकली असती. फुकटचा उपाय आहे. पण तुमचे सगळे फुकटचे उपाय पात्याखाली खर्ची पडले होते.

आणि आता ज्या गोष्टीसाठी खरं तर हे पत्र लिहायला बसलो, ती.

मशीनवर गार्ड नव्हता. कटर ब्लॉकची फट झाकणारं लोखंडी आच्छादन नव्हतं, त्याचं बसायचं ठिकाणही तुम्ही घासून सपाट केलं होतं. विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, “अडचण होतीय त्याची, मालक. काम उरकत नाही.” खरं आहे. बोटं असली की कामात अडचण होतेच. रंधा मशीन करवतीसारखं बोट तोडून बाजूला टाकत नाही, ते सोलून नेतं. पुन्हा जोडायला डॉक्टरच्या हाती काही उरत नाही. सुतारकामाच्या कुठल्याही शेडमध्ये जा, पाणी पुढे करणाऱ्या हातांकडे बघा. मोजावं लागत नाही, दिसतं. आणि त्या माणसाला विचारलंत तर तो कधीही मशीनला बोल लावत नाही. माझंच लक्ष नव्हतं, म्हणतो.

लक्ष कसं असेल? पात्याचं एक टोक अर्धा मिलिमीटर वर असेल तर लाकूड सरळ जात नाही, ते एका अंगाला उसळतं. उसळलं की माणूस हात आवळून जास्त दाबतो. पातं बोथट असेल तर आणखी दाबतो. दाबता दाबता फळी मागे फेकली जाते, आणि दाबणारा हात आपल्याच जोराने पुढे जातो. पुढे गार्ड नसतो. हे सगळं एका क्षणात होतं, पण त्याची तयारी कुणीतरी निवांतपणे, घड्या घालून, खूप आधी करून ठेवलेली असते. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 21 मध्ये फिरत्या धोकादायक भागांना कुंपण असलंच पाहिजे असं लिहिलं होतं. तो कायदा मोठ्या कारखान्यांचा होता. दोन-तीन माणसांच्या आपल्या शेडकडे कुणी इन्स्पेक्टर फिरकत नाही. आपल्याकडे इन्स्पेक्टरच्या जागी जो काय असतो, तो मशीन आधी वापरणारा आणि नंतर विकणारा माणूस असतो. म्हणजे तुम्ही.

माझ्या शेडमध्ये एक पोरगा हाताखाली काम करतो. लातूरला जून आला की टेबलांची घाई उडते. शिकवणीच्या ‘लातूर पॅटर्न’साठी पोरं बाहेरगावाहून येतात, हॉस्टेलं भरतात, आणि सगळ्यांना अभ्यासाची टेबलं कालच्या काल हवी असतात. टेबलाच्या पायाच्या चारही बाजू गुण्याला लागायला हव्यात, त्यामुळे दिवसभर रंध्यावरच काम. त्या पोराला मशीन आल्या दिवशीच चालवायचं होतं. हिरवंगार दिसत होतं ना! ‘पाती कालच बसवलीत’ हे तुमचं वाक्य त्यानेही ऐकलं होतं, आणि मोठ्या माणसाने सांगितलेलं खरं मानायचं वय आहे त्याचं.

जुनं मशीन विकणं हा गुन्हा नाही. नवं घ्यायची ऐपत असती तर मराठवाड्यातल्या निम्म्या सुतारांनी जुन्याकडे ढुंकून पाहिलं नसतं. एकाच्या शेडमधून दुसऱ्याच्या शेडमध्ये, बापाकडून पुतण्याकडे, नांदेडहून लातूरला, लातूरहून उमरग्याला अशी यंत्रं फिरत राहतात आणि त्यांच्यावर घरं चालतात. पाती झिजलीत, स्क्रू हरवलाय, गार्ड नाही असं सांगून तुम्ही दोन हजार कमी घेतले असतेत तर मी तेवढ्यात पाती आणली असती आणि आज दोघंही खूश असतो. तुम्ही दोन हजारांचा ऑइलपेंट लावलात. रंग चांगल्या प्रतीचा होता, एवढं मात्र मान्य.

असो. मशीन आता चालतं. नवी पाती, एका वजनाची, सराफाने पुन्हा हौसेने तोलून दिली, पैसे घेतले नाहीत. बोल्ट सगळे 8.8 चे. बेअरिंग बदलली. टेबलावरचा रंग पत्र्याने खरवडून काढला, खालचं बीड अजून छान आहे. दोन फळ्यांच्या कडा रंधून एकमेकींवर उभ्या धरल्या आणि मागे बल्ब लावला, तर फटीतून उजेड येत नाही. पायाखालचा फरशीचा तुकडा काढून टाकला, जमीन सपाटच निघाली. गार्ड लोहाराकडून नवा करून घेतलाय, पण तो पट्टीचा आणि मूळचा ओतीव होता. माझी खात्री आहे की तो तुमच्या शेडमध्येच कुठेतरी पडलाय, बहुधा दार उघडं राहावं म्हणून खाली लावलेला. ट्रॅव्हल्सच्या डिकीत टाकून द्या. लातूरला मी उतरवून घेईन, हमालीही माझी. टेबलाचा स्क्रू सापडला तर तोही त्याच पिशवीत. पुडी, घडी, काड्या आणि हॅक्सॉचा तुकडा हे सगळं मी एका पाकिटात नीट ठेवलंय. तुमची मालमत्ता आहे, परतीच्या गाडीने पाठवतो.

कळावे,

लातूरचं एक गिऱ्हाईक

ता. क. निघताना तुम्ही म्हणाला होतात की थिकनेस मशीनही विकायला काढायचंय, आणि त्याचीही पाती कालच बसवलीत. ते बघायला कुणी आलं, तर पैसे घेण्याआधी त्याला माझा नंबर द्या.